ऊन आपले, पाणी खारे

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला की आपण उन्हाला शिव्या घालतो. पण चुलीत जळणारी पऱ्हाटी म्हणजे पानांनी साठवलेले ऊनच! १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्यातला हायड्रोजन वेगळा करून दाखवला. तेव्हापासून जगभर कृत्रिम पानाचा शोध चालू आहे. हायड्रोजन हे इंधन जळले की पुन्हा पाणीच उरते. एक मोठी अडचण : खाऱ्या पाण्यात क्लोरीन सुटतो, धातू गंजतात. आणि आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याचीच वानवा! म्हणून मला वाटते, खाऱ्या पाण्यावर चालणारे पान शोधण्याचे काम अकोला-अमरावतीच्या विद्यापीठांनीच अंगावर घ्यावे. तहान ज्याची, विहीरही त्यानेच खणायला नको का?