इंजिन खोलण्याआधी नट सैल करा



वेचणी सुरू झाली की नेमकी जुनी पिकअप उभ्या जागी थरथरते, ठोके देते. गॅरेजवाला नुसतं ऐकूनच सांगतो, "इंजिन कामाला आलं." कापसाचा पैसा घरी येण्याआधीच गॅरेजात जमा! आमचं म्हणणं एवढंच : परीक्षा आधी, इंजिन खोलणं नंतर.

साध्या पंपाच्या जुन्या डिझेल गाडीची परीक्षा फुकट होते. विहिरीवरच्या इंजिनाची हवा आपणच काढत आलो, हे त्याच जातीचं काम. आधी फिल्टर आणि नळ्या पाहा. डिझेलात हवा-पाणी शिरलं तरी गाडी थरथरते. मग इंजिन स्लोवर ठेवून नोझलच्या पाइपाचा नट एकेक करून थोडा सैल करा. इंजिन दबलं, तर तो सिलिंडर कामात आहे. फरकच पडला नाही, तर तोच बसलेला. ज्या नटाला ठोका थांबतो, तिथलं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. ठोका नोझलबरोबर सरकला, तर दोष नोझलचा, खर्च थोडक्यात भागतो. जागेवरच राहिला, तर मात्र गॅरेजवाला खरं बोलत असू शकतो. ऑइलचा दिवा लागून खालून घण पडत असतील, तर परीक्षा वगैरे काही नाही, गाडी तिथेच बंद.

भला मिस्तरी हे सारं न सांगता करतो. जो करत नाही, त्याला करायला लावा आणि समोर उभे राहा.

नटावर जाड फडकं धरा, हात लांब, विडी त्याहून लांब. डिझेलचा फवारा कातडीत घुसतो. कॉमन रेलच्या नव्या गाडीचा नट चालू इंजिनावर कधीच सैल करू नका, तिथला दाब हजार बारच्या वर जातो.