ऊब कोणाच्या खाटेपाशी?

बडोद्याची थंडी ही चार दिवसांची पाहुणी. महिना-दीड महिना ती राहते. त्यातही पारा दहा अंशांखाली उतरेल अशा रात्री थोड्याच. त्यामुळे आपल्या वाडवडिलांनी इथे घरे बांधली ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून. पाणीगेट, वाडी, रावपुरा या भागांतली जुनी घरे पाहावीत. रस्त्याकडे रुंदी बेताची, आत लांबी पुष्कळ, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना भिडलेल्या आणि मधोमध माजघर. वैशाखाच्या काहिलीत या माजघरासारखे सुख नाही. पौषात मात्र तेथे भर दुपारीही पाय गार पडतात. आणि पुष्कळ घरांत नेमकी त्याच माजघरात, नाहीतर त्यामागच्या अंधाऱ्या खोलीत, घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाची खाट असते.

हिवाळ्यासाठी घर सजवण्याची हौस अलीकडे आपल्याकडेही आली आहे. दिवाणखान्याला जाड पडदे लागतात, पांढऱ्या दिव्याच्या जागी पिवळसर दिवा येतो, संखेड्याच्या लाल-सोनेरी झोपाळ्यावर नक्षीची गादी पडते. यात वावगे काहीच नाही. डोळ्यांनाही ऊब हवी असते. पण शोभा वेगळी आणि ऊब वेगळी, हे बडोदेकरांना निराळे सांगायला नको. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला. २००९ मध्ये दोहा येथील लिलावात त्याला चोपन्न लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. पण त्या गालिच्याने कोणाची हुडहुडी थांबली असती असे वाटत नाही. त्या कामी आईच्या जुन्या लुगड्याची गोधडीच हवी.

ऊब मिळवण्याचा पहिला मार्ग बिनखर्चाचा आहे, तो म्हणजे सूर्य. बडोदे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहे. जूनच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य इथे जवळजवळ माथ्यावर असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मात्र तो दक्षिण आकाशात क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांपर्यंतच चढतो. दार दक्षिणेकडे उघडणारे, सात फूट उंचीचे असेल आणि वर छज्जा नसेल, तर त्या दिवसांत दुपारचे ऊन जवळजवळ सात फूट आत येते. उन्हाळ्यात तेच ऊन उंबरठ्यापाशीच थांबते.

मांडवीहून पाणीगेटकडे जाणारा रस्ता पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. साहजिकच एका ओळीतली घरे दक्षिणेकडे तोंड करून आहेत, तर समोरच्या ओळीतली उत्तरेकडे. दक्षिणाभिमुख घर म्हटले की आपल्यातले पुष्कळजण अजून नाक मुरडतात. पण पौषातले ऊन मिळते ते त्याच ओळीच्या ओट्यांना. अरुंद पोळीत तर ते खाली उतरतही नाही. माडीवरून परत जाते. एकाच रस्त्यावरच्या समोरासमोरच्या दोन घरांची थंडी सारखी नसते, तशी एकाच घरातल्या दोन खोल्यांचीही नसते.

म्हणून एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि सायंकाळी चार वाजता घरभर हिंडून ऊन कोठे पडते तेथे खडूने खूण करावी. आमच्या शाळेतील मुलांना मी हा अभ्यास घरी करायला सांगत असतो. पुष्कळांच्या वहीत एकच गोष्ट आढळते: सर्वांत अधिक वेळ ऊन जेथे टिकते, ती जागा सोफ्याने अडवलेली असते. सोफ्याला थंडी वाजत नाही. डिसेंबर-जानेवारीपुरती त्या जागी आजीची खाट आली, तर घराची शोभा कमी होईल असे कोणी मानू नये.

दुसरी गोष्ट पांघरुणाची. गोधडी किंवा रजई स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. अंगाची उष्णता ती अडवून धरते. हे काम वस्तुतः कापसाच्या तंतूंत कोंडलेल्या हवेचे. वर्षानुवर्षे वापरून कापूस दडपला की ती हवा उरत नाही. रजई जड लागते, पण ऊब देत नाही. म्हणून कापूस पिंजून घ्यायचा आणि उन्हात फुलवायचा. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण टाकून दारी येत, आणि तिच्या तातेचा आवाज गल्लीभर घुमे. आता हे काम बहुधा यंत्रावर होते. कापसासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. भरूच-करजणकडचा कानम प्रदेश त्यासाठीच प्रसिद्ध आहे. वृद्धांना एका जड रजईपेक्षा दोन हलकी पांघरुणे बरी. त्यांच्यामध्येही हवा राहते, आणि थकलेल्या हातांना ती सहज दूर सारता येतात.

गोधडीविषयी आणखी एक. १७३४ मध्ये दमाजीराव गायकवाडांनी बडोदे घेतले, तेव्हापासून आपला संसार इथे रुजला. एखाद्या जुन्या गोधडीत इरकली लुगड्याच्या काठाशेजारी गुजराती शेजारणीने दिलेल्या बांधणीचा तुकडा धावदोऱ्याने शिवलेला आढळतो. आपल्या इथल्या वास्तव्याचा याहून बोलका पुरावा दप्तरखान्यातही मिळणार नाही. ती गोधडी माळ्यावर टाकू नये.

आता थोडे फरशीविषयी. फरशी आणि सतरंजी एकाच खोलीत एकाच तापमानाला असतात. तरी पाय टेकताच फरशी गार लागते, कारण ती तळव्यातली उष्णता झपाट्याने ओढून घेते. रात्री उठणाऱ्या वृद्धाला हा गारवा चांगलाच बाधतो. खाटेलगत सतरंजी अंथरावी, पण तिचे टोक दुमडलेले किंवा सरकणारे नसावे. गारव्यापेक्षा पडणे वाईट. शिवाय वयपरत्वे अंगात उष्णता निर्माण होण्याची शक्ती मंदावते, आणि थंडीची जाणीवही बोथट होते. तेव्हा ‘आजोबा काही म्हणत नाहीत’ यावर विसंबू नये. त्यांचा हात हातात घेऊन पाहावा.

एक इशारा मात्र निक्षून दिला पाहिजे. दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी, जिला आपण शेजाऱ्यांच्या संगतीने सगडी म्हणू लागलो, उशाशी ठेवून कोणीही निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. झोपलेल्याला जाग येतेच असे नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरलाही हाच नियम लागू आहे.

पाणीगेटातली पुष्कळ कुटुंबे आता वाघोडिया रोडकडच्या सदनिकांत राहावयास गेली आहेत. माजघर मागे राहिले, पण घराची वाटणी बदलली नाही. उन्हाचा सज्जा दिवाणखान्याला आणि उत्तरेकडची खोली वडिलांना! दिवाणखान्यात पाहुणा तासभर बसतो. त्या खोलीत वडीलधाऱ्यांचे दिवसाचे वीस तास जातात. घर ऊबदार आहे की नाही, याचा निवाडा त्या खोलीत व्हावयास हवा.

संक्रांत जवळ आली आहे. १४ जानेवारीला सारे बडोदे गच्चीवर असते. उंधियूची भांडीही वरच जातात आणि खाली घरात गार भिंतींपाशी एखादी आजी दिवसभर एकटी असते. यंदा पतंगांच्या आधी तिची खुर्ची वर न्यावी. जिना झेपत नसेल, तर ओट्यावरच्या उन्हात मांडावी आणि नातवंडांपैकी कोणीतरी आळीपाळीने तिच्यापाशी बसावे. तिळगूळ द्यायचा, तो तिच्यापासून सुरू करावा.