पाण्याची वहिवाट आणि जाळ्याचा आस

विनाशक मासेमारीचा प्रश्न हा जाळ्याच्या आसाइतकाच पाण्यावरील वहिवाटीचाही आहे, ही गोष्ट ओडिशातील चिलिका सरोवराइतकी स्पष्टपणे क्वचितच अन्यत्र दिसून येईल. कोळंबीची पिले भरतीबरोबर समुद्रमुखातून आत येतात, उथळ मचूळ पाण्यात वाढतात आणि प्रजननासाठी पुन्हा समुद्र गाठतात. त्यांच्या या वाटेवरच बांबू रोवून, मच्छरदाणीसारखी बारीक जाळी ताणून जी ‘घेरी’ उभारली जाते, ती पिलांना अडवते, प्रवाह मंद करते, गाळ साचवते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्या कैवर्त, तियर, कंडरा आदी समाजांच्या होड्या बाहेरच थोपवते. घेरीत सोडण्यासाठी वाघ कोळंबीचे बीज तेवढे वेचून घेतले जाते. त्याच जाळीत आलेली बोय आणि इतर मासळीची बोटभरही नसलेली पिले काठाच्या वाळूवर तडफडून मरतात.

1991 च्या सरकारी धोरणाने कोळंबी-संवर्धनासाठी बिगर-मच्छीमारांस मक्त्याचे दार उघडले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोवरापासून 1000 मीटरच्या आत कोळंबी-संवर्धनास मनाई केली. तरीही घेऱ्या हटल्या नाहीत, आणि त्यांविरुद्ध पेटलेल्या संघर्षात मे 1999 मध्ये सोरणा येथे पोलिसांच्या गोळीबारात चौघांचे प्राण गेले. सप्टेंबर 2000 मध्ये नवे समुद्रमुख खोदल्यावर मासळीचे उत्पन्न कित्येक पटींनी वाढले खरे. परंतु वाढलेल्या उत्पन्नाने वहिवाटीचा निवाडा होत नाही. सावकाराच्या कर्जाने जेरीस आलेली मच्छीमारांची सहकारी संस्था आपले पाणी पोटमक्त्याने बाहेरच्यास देते, तेव्हा त्या पाण्याच्या उद्याशी मक्तेदाराचे काही देणेघेणे उरत नाही, आणि हक्क गमावलेला मच्छीमारही अखेर नाइलाजाने बारीक आसाचे जाळे हाती घेतो.

म्हणून मत्स्यव्यवसाय खात्यातील अधिकारी आणि सहकारी संस्थांचे चालक यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, बेकायदा जाळ्यांची जप्ती अवश्य करावी, पण तिच्याबरोबरच हंगामापूर्वी अल्प व्याजाच्या कर्जाची तजवीज करावी, पोटमक्त्यांची कसून चौकशी करावी आणि पाण्याचा ताबा प्रत्यक्ष जाळे टाकणाऱ्याकडे राहील याची हमी द्यावी. ज्याला पुढील वर्षीही याच पाण्यात उतरण्याची खात्री आहे, तोच आज हाती आलेले पिलू परत पाण्यात सोडील.