आपले आपण किती सांगावे?

माझ्या चुलतबंधूंच्या पत्नी भोपाळला राहतात. दादांची नोकरी सुटल्यापासून वहिनींनी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीचा फराळ करून देण्याचा उद्योग आरंभिला आहे. हाताला चव आहे, व्यवहार चोख आहे. परंतु गिऱ्हाइके मिळेनात. तेव्हा त्यांच्या चिरंजीवांनी सल्ला दिला की, ज्या ज्या व्हॉट्सॲप समूहात आपण आहोत, त्या सर्वांवर रोज सकाळी जाहिरात टाकावी. वहिनींनी तसे केले.

चौथ्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या समूहावर इंदूरच्या मावशी वारल्याची वार्ता आली. तिच्याखाली कोणी सांत्वनाचा शब्द लिहिण्यापूर्वीच चकल्या-करंज्यांचे रंगीत चित्र झळकले : ‘आली दिवाळी! आजच मागणी नोंदवा!’ वहिनींनी वरचा मजकूर पाहिलाच नव्हता. कोणी एक अक्षर बोलले नाही; मात्र त्या वर्षी नात्यातील एकाही घरातून त्यांना मागणी आली नाही. पुढे कारण कळल्यावर दूरध्वनीवर त्यांचा कंठ दाटून आला. “भाऊजी, कुणाला दुखवायला का मी हा खटाटोप मांडला होता? निदान तुम्ही तरी सांगायचे!” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मीही त्या दिवशी गप्पच बसलो होतो.

आपल्याकडे या बाबतीत दोन परस्परविरुद्ध उपदेश चालत आले आहेत. ‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही’, असे व्यवहार सांगतो. तर समर्थांनी दासबोधात स्वतःची स्तुती स्वतःच करणाऱ्यास मूर्खांच्या पंक्तीत बसविले आहे. लहान उद्योग करणाऱ्याने यातील कोणाचे ऐकावे? मला वाटते, दोघांचेही. सांगणे अवश्य आहे. परंतु कोठे, कोणास आणि किती सांगावे, याचा विवेक सुटला की सांगण्याचे रूपांतर उपद्रवात होते.

पूर्वी बांगड्या भरणारा कासार दारी येई, तो अंगणातून हाक देई. आत बोलाविल्यावाचून तो ओसरीवर आपले ओझे उतरवीत नसे. व्हॉट्सॲपवरील समूह हीदेखील कोणाची तरी ओसरीच आहे. कुटुंबाची ख्यालीखुशाली कळावी, शाळेच्या सूचना मिळाव्यात, मंडळाचे कार्यक्रम समजावेत, अशा हेतूने कोणी चार माणसे तेथे एकत्र आणलेली असतात. तेथे आपला माल मांडण्यापूर्वी समूह चालविणाऱ्यास विचारावे, हा पहिला शिष्टाचार होय. अनुमती मिळाली तरी वरचे चार निरोप वाचूनच आपला निरोप टाकावा. आणि न विचारता लोकांना आपल्या नव्या समूहात ओढणे तर त्याहूनही गैर. कारण त्यायोगे प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक अपरिचितांसमोर उघडा पडतो.

याला सोपे पर्याय आहेत. ‘स्टेटस’वर चित्र ठेवले तर ज्याला पाहावयाचे तोच पाहतो. ‘ब्रॉडकास्ट’ यादीतून पाठविलेला निरोप, ज्यांनी आपला क्रमांक जपून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो आणि उत्तर केवळ आपल्याकडे येते. लहान व्यावसायिकांसाठी 2018 सालापासून व्हॉट्सॲपची ‘बिझनेस’ ही स्वतंत्र सोय झाली आहे. तिच्यात पदार्थांची चित्रे आणि किमती मांडून ठेवता येतात. किंमत उघड सांगावी. ‘किमतीसाठी खासगीत विचारा’ असे लिहिल्याने गिऱ्हाइकाला उगाच संकोच वाटतो.

दुसरी गोष्ट अशी की, मागण्यापूर्वी काही द्यावे. 1920 साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती देण्याकरिता. परंतु शंकरराव किर्लोस्करांनी त्यात वाचकाला उपयोगी आणि रंजक मजकूर देण्याचा परिपाठ ठेवला, आणि पाहता पाहता ते पत्रक महाराष्ट्रातील एक प्रतिष्ठित मासिक झाले. भाजणी विकणाऱ्या भगिनीने तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या का भाजाव्यात, हे चार ओळींत समजावून द्यावे : प्रत्येक धान्यास भाजण्यास लागणारा वेळ निराळा असतो, एकत्र भाजल्यास एक करपते आणि दुसरे कच्चे राहते. एवढे ज्ञान दिल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. ज्याला वेळ आहे तो घरी करील. ज्याला नाही तो विश्वासाने आपल्याकडे येईल.

तिसरी गोष्ट सत्याची. सख्ख्या बहिणीने अपरिचित ग्राहकाचे सोंग घेऊन पाच तारे द्यावेत, दुसऱ्याच्या फराळाचे छायाचित्र आपले म्हणून दाखवावे, हे प्रकार क्षुल्लक वाटतात. पण उघडकीस आले की सारी पत जाते. पैसे वा वस्तू घेऊन स्तुती करणाऱ्याने तसे स्पष्ट नमूद करावे, असा दंडक जाहिरात क्षेत्राच्या ‘ॲस्की’ या संस्थेने 2021 साली समाजमाध्यमांकरिता घालून दिला. फसव्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करून आपला 14 अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा. मेतकुटाने मधुमेह बरा होतो, असे तर चुकूनही लिहू नये. औषधांच्या जाहिरातीतूनदेखील तसा दावा करण्यास 1954 च्या कायद्याने मनाई आहे.

शेवटची गोष्ट नकाराची. उत्तर न येणे हेही एक उत्तरच असते. एकदा आठवण द्यावी, नंतर थांबावे. कोणी सर्वांसमक्ष चकली मऊ निघाल्याची तक्रार केली, तर वाद घालू नये. क्षमा मागून बदली माल द्यावा. ते पाहणाऱ्या इतर सर्वांना आपली सचोटी न बोलता कळते.

आणि आपण आप्तेष्ट? आपलीही काही कर्तव्ये आहेतच. घरचे माणूस म्हणून फुकटची अपेक्षा करू नये. माल आवडला तर दोन ठिकाणी आपण होऊन सांगावे. कोणाकडून चूक झाली तर मनात अढी धरून बसण्यापेक्षा त्याच क्षणी बाजूला घेऊन सांगावे. हे शेवटचे मी माझ्यासाठी लिहीत आहे.

कारण कळले त्याच दिवशी वहिनींनी समूहावर दोन ओळींत क्षमा मागितली. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करीत नाहीत. जवळची माणसे तो नेऊन देतात. मोटारीने इंदूरला जाऊन वहिनी मावशींच्या घरी डबा देऊन आल्या. त्या डब्यावर नाव नव्हते, क्रमांक नव्हता, की किमतीची चिठ्ठी नव्हती.