प्रश्न विचारायचा तास

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की आमच्या घरांतून एकच वाक्य ऐकू येते, "हे सगळे सारखेच, बंद करा तो टीव्ही." वैताग खरा आहे. पण या गोंधळात नेमके काय बुडते, ते पाहायला हवे.

लोकसभेत सकाळी अकराला प्रश्नोत्तराचा तास असतो. रोजच्या यादीत वीस तारांकित प्रश्न. त्यावर मंत्र्यांनी उभे राहून उत्तर द्यायचे, वर उपप्रश्नही झेलायचे. मुलांची शिष्यवृत्ती का रखडली, हे विचारायची जागा हीच. गदारोळात पहिला बळी या तासाचा जातो. कायदे मात्र अडत नाहीत. 2021 चे पावसाळी अधिवेशन आठवा. पेगॅसस आणि शेती कायद्यांवर चर्चा हवी म्हणून विरोधक अडून बसले, सरकार ऐकेना. आणि त्याच गोंगाटात कित्येक विधेयके काही मिनिटांत मंजूर झाली. अधिवेशन दोन दिवस आधीच गुंडाळले. वर्गात दंगा चालू असताना मास्तरांनी धडा संपल्याची नोंद करून टाकावी, तसला प्रकार.

त्याच अधिवेशनात 10 ऑगस्टला मात्र लोकसभा शांतपणे चर्चेला बसली. मराठा आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात म्हटले होते की, 2018 च्या घटनादुरुस्तीनंतर मागासवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. म्हणजे राज्याची ओबीसी यादीच धोक्यात. तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी असे दाखले ज्यांच्या कपाटात जपून ठेवले आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. राज्यांना तो अधिकार परत देणारी घटनादुरुस्ती लोकसभेत 385 विरुद्ध 0 आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत 187 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाली. मते सगळ्यांनाच हवी होती, म्हणून एकोपा लवकर जमला, हे आम्हालाही कळते.

पण महाराष्ट्राने याहून अवघड काम केलेले आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर आली आणि 1977 मध्ये तिचा कायदा विधिमंडळाने एकमताने केला. खर्चासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला होता. कर लावून मते मिळत नसतात! तरी तो लावला गेला आणि टिकला. आमच्या पगारपत्रकात आजही दरमहा 200 रुपये कापले जातात, फेब्रुवारीत 300. शिक्षक कक्षात त्यावर कुरकुर होतेच.

असे काम कॅमेऱ्यासमोर होत नाही. संसदेच्या स्थायी समित्यांत सर्व पक्षांचे खासदार एका टेबलाभोवती बसतात, अधिकाऱ्यांना बोलावतात, विधेयक कलमागणिक वाचतात. अलीकडे पूर्वीपेक्षा फारच कमी विधेयके तिकडे पाठवली जातात. तेव्हा खासदारसाहेब लग्नाला किंवा ईदमिलनाला आले, की शिरखुर्म्याची वाटी हातात देता देता विचारावे: साहेब, आपण कोणत्या समितीवर आहात, आणि तिची शेवटची बैठक कधी झाली?