‘मंजूर’ म्हणण्याआधी



वार्षिक सभेत विषय वाचून पुरा होत नाही तोच मंडपातून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. सगळी विषयपत्रिका घटकाभरात उरकते आणि दुसऱ्या दिवशी छापून येते की सभा खेळीमेळीत पार पडली. या ‘मंजूर’ शब्दाबद्दलच आम्हांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

हा शब्द अरबीतला, फारसीच्या वाटेने मराठीत आला. नजर, कोर्टातला नाझर आणि मंजूर ही एकाच घरची भावंडे. मंजूर म्हणजे मुळात ‘पाहिलेले’, नजरेखालून गेलेले. तेव्हा ताळेबंदाचे पानही न उलटता मंजूर म्हणणे म्हणजे त्या शब्दालाच खोटे पाडणे होय.

‘मान्यता’ हा दुसरा शब्द, संस्कृत वळणाचा. सरकारी कागदावर तोच फार. पाथर्डी तालुक्यात एखाद्या रस्त्याला किंवा बंधाऱ्याला प्रशासकीय मान्यता मिळाली की लोक म्हणतात, “झालं आपलं काम!” वास्तविक ती कामाला व खर्चाला दिलेली संमती. पुढे तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, एवढ्या पायऱ्या उरतातच. अलीकडे मढीच्या किंवा मोहटादेवीच्या यात्रेच्या बातमीतही ‘अशी मान्यता आहे’ असे वाचावयास मिळते. ती हिंदीची छटा. आपल्याकडे त्याला श्रद्धा म्हणतात. श्रद्धेला कोणाचा शिक्का लागत नाही, मान्यतेला लागतो.

आता विषयपत्रिका हाती घ्या. तिथे प्रत्येक क्रियापद वेगळे आहे. मागील इतिवृत्त ‘कायम करणे’ म्हणजे जे ठरले तेच लिहिले आहे अशी खात्री देणे. ‘नोंद घेणे’ म्हणजे समजले, एवढेच. तो होकार नव्हे. अंदाजपत्रकास ‘मंजुरी’ म्हणजे त्या खर्चाला आपली संमती. पोटनियमाची दुरुस्ती सभेने मान्य केली तरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ प्रमाणे तिची नोंदणी झाल्याखेरीज ती लागू होत नाही. सगळ्यांना एकच ‘मंजूर’ पुरत नाही.

आपण ही काळजी एरवी घेतोच की! उसाची नोंद देताना गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, लागण की खोडवा, सगळे दोनदा तपासतो. तारीख चुकली तर तोड मागे पडते हे आपल्याला ठाऊक आहे. मग ज्या कागदावर साऱ्या कारखान्याचे कर्ज आणि खर्च लिहिलेला आहे, तो न वाचता कसा सोडायचा?

आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला, तो शेतकरी मालक व्हावा म्हणून. कायद्यानेही शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच दिले. ज्याचा अर्धा एकर ऊस त्याचाही ‘मंजूर’ तेवढ्याच वजनाचा.

म्हणून आमचे सांगणे इतकेच: अहवाल घरी आला की पोरांच्या वह्यांना कव्हर घालू नका. पोरांकडूनच तो वाचून घ्या. न समजलेल्या आकड्याखाली रेघ मारा, सभेत उभे राहून विचारा. समाधान झाले तर खुशाल मोठ्याने मंजूर म्हणा. नाही झाले तर ‘नामंजूर’ हाही आपल्याच भाषेतला शब्द आहे.