चिकित्सेचा तिसरा पाद

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. आपल्या परिषदांतून भिषक् व द्रव्य यांवर भरपूर चर्चा होते. उपस्थाता मात्र उपेक्षित राहतो. ग्रामीण भागातील उच्च रक्तदाबाच्या बाबतीत ही उपेक्षा परवडणारी नाही.

हा विकार बहुधा लक्षणांवाचून वाढतो. त्रास नाही म्हणून रुग्ण वैद्याकडे येत नाही. येतो तो पक्षाघात झाल्यावर. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात ‘सर्च’ संस्थेने केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे आणि मृत्यूच्या कारणांत तोच अग्रस्थानी असल्याचे आढळले. तेव्हा रुग्ण येईल म्हणून वाट न पाहता कोणीतरी त्याच्या दारी गेले पाहिजे.

याचा उपयोग होतो, हे सिद्ध झाले आहे. बांगलादेश, पाकिस्तान व श्रीलंका येथील ३० ग्रामीण वस्त्यांतील २,६४५ रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजला, पथ्य समजावले, गरजूंना डॉक्टरांकडे पाठविले. डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिले गेले. दोन वर्षांनी तेथील रुग्णांचा वरचा रक्तदाब इतर वस्त्यांच्या तुलनेत सरासरी सुमारे ५ अंकांनी अधिक उतरला होता.

आपल्याकडे २००५ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती गावोगावी पोहोचली. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे उपस्थात्याचे चार गुण. गावचीच असल्याने अनुराग तिच्यापाशी असतोच. कोणाच्या ताटात रोज लोणचे-पापड असतो, कोणी गोळी अर्ध्यावर सोडली, हे तिला ठाऊक असते. उपचारज्ञता मात्र नुसत्या अपेक्षेने येत नाही. तिला प्रशिक्षण, अचूक यंत्र आणि श्रमाचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे.

आता भिषक् म्हणून आपल्याविषयी. आशाताईने महिनोन्महिने समजावून एखाद्या आजोबांची गोळी चालू ठेवावी आणि आपण नाडी पाहून ‘आता ती बंद करा’ असे सांगावे, हे अनिष्ट आहे. अशाने रक्तदाब पुन्हा चढतो, आणि तिच्या शब्दावरचा गावाचा विश्वास उडतो. याउलट अतिलवणसेवनाचा निषेध तर चरकाच्या विमानस्थानातच आहे. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही त्याला पूरकच आहे. आहार, निद्रा, व्यायाम यांविषयी आपण जे सांगू, तेच तिच्या तोंडून घरोघरी पोहोचू शकते.

महाराष्ट्रात आज अनेक बी.ए.एम.एस. पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आशाताईंबरोबर काम करीत आहेत. खाजगी व्यवसाय करणाऱ्या आपल्या वैद्यबंधूभगिनींनीही एवढे करावे : प्रत्येक प्रौढ रुग्णाचा रक्तदाब मोजून कागदावर नोंदवावा, चालू असलेली गोळी परस्पर थांबवू नये आणि गावच्या आशाताईसाठी दोन ओळींची चिठ्ठी रुग्णाबरोबर द्यावी. चारही पाद एकाच दिशेने चालले, तरच चिकित्सा पुढे जाते.